खांद्याच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र: ब्लॉकसाठी कोणतं औषध मागावं?

एका ताईंनी विचारलं आहे: "बाबा ६४ वर्षांचे, वजन ५८ किलो. उमरेडच्या कोळसा खाणीत नोकरी झाली. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. तंबाखू-सुपारीचा खर्रा अजून सुटलेला नाही. एक जिना चढले की थोडा दम लागतो. उजव्या खांद्याचा रोटेटर कफ (खांदा फिरवणारे स्नायूबंध) फाटलाय, पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून शिवणार आहेत. भूलतज्ज्ञ म्हणाले, मानेत ब्लॉक (खांदा बधिर करणारं इंजेक्शन) देऊ म्हणजे दुखणार नाही. बुपिव्हाकेन, लेव्होबुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन यांतलं कोणतं चांगलं? अमेरिकेतल्या मामेभावाला तीन दिवस टिकणारं इंजेक्शन दिलं होतं, ते इथे मागवावं का?"

ताई, नागपुरात मी पंचवीस वर्षं भूल देतोय आणि त्यातला मोठा भाग हाडांच्या ऑपरेशनांचा आहे. तुमच्या बाबांच्या बाबतीत औषधाचं नाव माझ्या यादीत तिसरं येतं. पहिलं, सुई नेमकी कुठे जाणार. दुसरं, औषध किती मिलिलिटर जाणार. आणि औषध ठरवतानाही मी आधी हा हिशोब करतो की ते उतरेल तेव्हा घड्याळात किती वाजलेले असतील.

आधी जागेचं बोलू. बोलताना आपण सगळ्यालाच 'नस' म्हणतो, पण ब्लॉक रक्ताच्या नसेत देत नाहीत, मज्जातंतूंच्या शेजारी देतात. खांद्याकडे जाणारे मज्जातंतू मानेतून निघतात आणि दोन स्नायूंच्या फटीतून खाली उतरतात. त्या फटीत, साधारण स्वरयंत्राच्या खालच्या कडेच्या उंचीवर दिला जाणारा ब्लॉक म्हणजे इंटरस्केलिन ब्लॉक. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिथे या मज्जातंतूंचे तीन काळे गोल एकाखाली एक दिसतात, चौकातल्या सिग्नलच्या तीन दिव्यांसारखे. सुई बाजूने आत येते, टोक त्यांच्याशेजारी थांबतं आणि औषध सोडलं की ते गोल हळूच बाजूला सरकतात. पेशंट जागा असतो. दर तीन ते पाच मिलिलिटरनंतर मी थांबतो, सिरिंज मागे ओढून रक्त येतंय का बघतो, पेशंटशी बोलतो. पंधरा-वीस मिनिटांनी म्हणतो, "काकाजी, हात वर करा बरं." खांदा उचलत नसेल तर ब्लॉक लागला. परवाच भंडाऱ्याचे एक काका आपल्याच हाताकडे टक लावून बघत म्हणाले, "डॉक्टर साहेब, हा हात माहा हाय का नाही, तेच समजून नाही राहिलं." खांद्याच्या ऑपरेशनसाठी याहून भरवशाचा ब्लॉक नाही, हे मी मनापासून सांगतो.

पण त्याच जागी एक अडचण आहे, आणि तुमच्या बाबांसाठी तीच सगळ्यात महत्त्वाची. श्वासाचा पडदा हलवणारा मज्जातंतू, फ्रेनिक, तिथून अगदी काही मिलिमीटरवरून जातो. पूर्वीच्या पद्धतीने २० मिलिलिटर किंवा जास्त औषध दिलं की त्या बाजूचा पडदा जवळजवळ प्रत्येक पेशंटमध्ये तात्पुरता थंडावतो. फुप्फुसाची हवा भरण्याची ताकद साधारण पाव हिश्शाने कमी होते. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. ज्याच्या फुप्फुसात आधीच कोळशाची धूळ बसली आहे आणि ज्याला जिन्यावर दम लागतो, त्याला जाणवतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत, सोनोग्राफी मशीन आमच्याकडे यायच्या आधी, एका हॉस्पिटलात खाणीतूनच निवृत्त झालेल्या गृहस्थांना मी ३० मिलिलिटर बुपिव्हाकेन दिलं होतं. ऑपरेशन छान झालं. रिकव्हरीत सिस्टरने हाक मारली. ते पलंगावर उठून बसायचा प्रयत्न करत होते, बोट पकडणाऱ्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा ८८, आणि म्हणत होते, "छातीवर कोणी बसलंय." दुखत अजिबात नव्हतं. पाठ उभी करून बसवलं, ऑक्सिजन लावला, रात्रभर शेजारी थांबलो. सकाळी औषध उतरलं तसा श्वासही मोकळा झाला. औषध चांगलंच होतं. जागा आणि मात्रा मी त्या माणसाकडे पाहून ठरवली नव्हती, ही चूक माझी होती. तेव्हापासून खांद्याच्या प्रत्येक पेशंटला मी एक जिना चढायला लावतो.

आज मार्ग आहेत. सोनोग्राफीखाली ५ ते १० मिलिलिटरमध्येही इंटरस्केलिन ब्लॉक नीट लागतो, आणि पडदा थंडावण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, शून्य मात्र होत नाही. फ्रेनिक मानेत जसजसा खाली जातो तसतसा खांद्याच्या मज्जातंतूंपासून दूर होतो, म्हणून थोडं खाली उतरून 'सुपिरियर ट्रंक' (त्या मज्जातंतूंच्या जुडग्याचं वरचं खोड) ब्लॉक देता येतो. वेदना जवळपास तितकीच थांबते, श्वासाला त्रास बराच कमी. आणखी एक मार्ग म्हणजे मानेला हातच न लावता दोन वेगळे मज्जातंतू पकडायचे: खांद्याच्या फऱ्यावरचा सुप्रास्कॅप्युलर आणि काखेकडचा ॲक्सिलरी. खांद्याच्या सांध्याची सुमारे ७० टक्के संवेदना एकट्या सुप्रास्कॅप्युलरमधून जाते. ही जोडी इंटरस्केलिनइतकी पक्की नाही, पहिले काही तास थोडं जास्त दुखू शकतं, पण पडदा शाबूत राहतो. तुमच्या बाबांना बघितल्याशिवाय मी शेवटचं सांगणार नाही, तरी कागदावर जे दिसतंय त्यावरून मी सुपिरियर ट्रंक किंवा ही जोडी निवडली असती. भूलतज्ज्ञांना एवढंच विचारा: "बाबांना दम लागतो, खाणीत होते, पडद्याला धक्का न लावणारा ब्लॉक देता येईल का?" हा प्रश्न ऐकून कोणी चांगला डॉक्टर रागावणार नाही.

आपल्या विदर्भात हाच विचार सिकलसेलच्या पेशंटसाठीही करावा लागतो. खांद्याच्या हाडाचा गोळा वाळलेली पंचविशीतली मुलं गडचिरोली-चंद्रपूरकडून येतात. त्यांच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडला तर पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नवं दुखणं उभं राहतं. अशा मुलाला सरसकट मोठा इंटरस्केलिन देणं मला पटत नाही.

आता औषधं. ही सगळी एकाच घराण्यातली. मज्जातंतूतले सोडियमचे दरवाजे ती बंद करतात, म्हणून वेदनेचा निरोप पुढे जात नाही.

लिग्नोकेन, ओटीत सगळे झायलोकेनच म्हणतात, लवकर लागतं आणि दोन-तीन तासांत उतरतं. खांद्याच्या रात्रीसाठी ते उपयोगाचं नाही. काही जण ब्लॉक लवकर लागावा म्हणून ते बुपिव्हाकेनमध्ये मिसळतात. मी मिसळत नाही, कारण त्याने टिकण्याचा वेळ कमी होतो, आणि ब्लॉकनंतर पूर्ण भूल देणारच असू तर दहा मिनिटं लवकर लागून फायदा काय?

बुपिव्हाकेन हे आपल्याकडचं रोजचं औषध. स्वस्त, तालुक्याच्या ठिकाणीही मिळणारं, आणि यांत सगळ्यात जास्त टिकणारं. ०.५ टक्क्याचं दिलं तर खांद्यात साधारण १४ ते १८ तास. त्याचा दोष एकच, पण मोठा: चुकून रक्तवाहिनीत गेलं तर ते हृदयाच्या त्याच सोडियमच्या दरवाजांना चिकटतं, पटकन आत शिरतं आणि फार हळू सुटतं. १९७९ मध्ये जॉर्ज अल्ब्राइट या अमेरिकी भूलतज्ज्ञाने अशा अचानक हृदय थांबण्याच्या घटनांकडे लक्ष वेधलं, आणि त्यानंतर हृदयाला कमी जाचक औषधाचा शोध सुरू झाला. त्यातून रोपिव्हाकेन आणि लेव्होबुपिव्हाकेन आली. बुपिव्हाकेनमध्ये एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन प्रकारचे रेणू असतात, डावे आणि उजवे. हृदयाला जास्त जाच उजव्याचा. लेव्हो म्हणजे त्यातले फक्त डावे. वेदना थांबवण्यात ते बुपिव्हाकेनच्या बरोबरीचं आहे, टिकतंही साधारण तितकंच.

रोपिव्हाकेनही डाव्याच रेणूंचं. हृदयाला तुलनेने सौम्य, मात्र तेवढ्याच टक्केवारीत थोडं कमी टिकतं. ०.५ टक्क्याचं खांद्यात १० ते १२ तास धरा. कमी टक्केवारीत दिलं तर वेदना थांबते पण हाताची ताकद बऱ्यापैकी राहते, म्हणून मज्जातंतूंशेजारी बारीक नळी ठेवून औषध हळूहळू सोडायला ०.२ टक्के रोपिव्हाकेन मला सगळ्यात आवडतं. आपल्या बाजारात ते बुपिव्हाकेनपेक्षा महाग आहे, पण खांद्याच्या ऑपरेशनच्या एकूण खर्चात तो फरक किरकोळ आहे.

मात्रेचा हिशोब तुम्हालाही कळावा म्हणून मांडतो. बुपिव्हाकेन किलोमागे २ मिलिग्रॅमच्या वर मी जात नाही. ५८ किलोला ते ११६ मिलिग्रॅम. ०.५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त २३ मिलिलिटर. रोपिव्हाकेनची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे १७४. बाबांना १०-१५ मिलिलिटरच पुरणार असेल तर ते बुपिव्हाकेनमध्येही ५० ते ७५ मिलिग्रॅमच होतं. म्हणून म्हणतो, कमी मात्रेत, सोनोग्राफीखाली, थांबत थांबत दिलेलं साधं बुपिव्हाकेन हे अंदाजाने भरभरून दिलेल्या महागड्या रोपिव्हाकेनपेक्षा मला कितीतरी सुरक्षित वाटतं. नाव कोणतंही असो, ओटीत २० टक्के लिपिड इमल्शनची बाटली हाताशी आहे का, हे मात्र विचाराच. औषध रक्तात चढलं तर तोंडाभोवती मुंग्या येतात, जिभेवर धातूची चव येते, कानात गुंई होतं, पुढे झटके येऊ शकतात. तेव्हा ते पांढरं दुधासारखं द्रावण शिरेतून देतात, सुरुवातीला किलोमागे दीड मिलिलिटर. ते औषधाला हृदयापासून ओढून घेतं. १९९८ मध्ये हे आधी उंदरांवर दिसलं, २००६ मध्ये पहिल्यांदा माणूस वाचल्याची नोंद झाली. ज्या ओटीत ती बाटली नाही, तिथे मी ब्लॉकची सुई उचलत नाही.

ब्लॉक लांबवायला सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. चार मिलिग्रॅमनेही बऱ्याच पेशंटना कित्येक तास जास्त मिळतात, आणि ब्लॉक उतरतानाचा वेदनेचा झटकाही सौम्य होतो. रोपिव्हाकेनमध्ये ते मिसळलं की द्रावणात बारीक खडे धरू शकतात, म्हणून मी ते शिरेतूनच देतो. परिणाम किंचित कमी, पण मन निर्धास्त. बाबांना शुगर आहे, तेव्हा पुढचा दिवसभर शुगर चढलेली दिसेल. दर काही तासांनी तपासायला सांगा, आणि आकडा बघून घाबरू नका.

मामेभावाचं तीन दिवसांचं इंजेक्शन म्हणजे बुपिव्हाकेनच, चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये भरलेलं, हळूहळू सुटणारं. अमेरिकेत २०१८ मध्ये खांद्याच्या इंटरस्केलिन ब्लॉकसाठी त्याला परवानगी मिळाली. कल्पना सुंदर आहे. पण २०२१ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ब्लॉकसाठी ते साध्या बुपिव्हाकेनपेक्षा सरस ठरलं नाही. शिवाय खाणकामगाराच्या श्वासाचा पडदा तीन दिवस अर्धवट थंड ठेवायचा का, हाही प्रश्न आहेच. त्याच्यामागे धावपळ करू नका. कोणाला खरंच दोन-तीन दिवस आराम हवा असेल, सांधाबदल वगैरे, तर नळीचा मार्ग आहे. पण नळी घसरते, भिजते, घरी बघणारं माणूस लागतं. नागपुरातच राहणाऱ्याला मी ती देतो. दूर अहेरीला परत जाणाऱ्याला नाही.

खर्र्याबद्दल थोडं कडक बोलतो. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांचं तोंड आतून आखडतं. आज बाबांना आरशासमोर तोंड उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. दोनच जात असतील तर घशात नळी घालणं अवघड होऊ शकतं, आणि ते ऑपरेशनच्या टेबलावर कळण्यापेक्षा आजच भूलतज्ज्ञांना फोनवर कळलेलं हजारपट बरं. अशा पेशंटमध्ये चांगल्या ब्लॉकचं मोल दुप्पट, कारण पूर्ण भूल हलकी ठेवता येते आणि नंतर श्वास दाबणारी मॉर्फिनसारखी इंजेक्शनं कमी लागतात.

आता रात्र. माझ्या मते सगळ्यात जास्त पेशंट इथे फसतात, आणि दोष आमचा असतो, कारण आम्ही सांगत नाही. ब्लॉक उतरतो तो जिना उतरल्यासारखा नाही, तर भिंत कोसळल्यासारखा. दुपारी "काही दुखत नाही" म्हणत हसणारा माणूस रात्री दोनला पलंगाची दांडी पकडून बसलेला असतो. सकाळी नऊला बुपिव्हाकेन दिलं तर १४ ते १८ तास म्हणजे रात्री अकरा ते पहाटे तीन. वॉर्डात एक सिस्टर, सगळे झोपलेले. तेच रोपिव्हाकेन दिलं तर संध्याकाळी सात ते नऊ. कमी टिकलं, पण दिवे चालू आहेत, डॉक्टर राऊंडवर आहेत, गोळ्या-इंजेक्शन मागता येतात. आणि डेक्सामेथासोन जोडलं तर तेच रोपिव्हाकेन पहाटेपर्यंत किंवा उजाडेपर्यंतही जाऊ शकतं. म्हणून 'सगळ्यात जास्त टिकणारं' हे उत्तर मी कधीच पटकन देत नाही. ऑपरेशन किती वाजता आहे ते आधी विचारतो.

कोणतंही औषध दिलं असो, दुखायची वाट बघायची नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल, बहुतेक १ ग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसात चार वेळांपेक्षा जास्त नाही, हे हात बधिर असतानाच सुरू करा. बाबा म्हणतील, दुखतच नाही तर गोळी कशाला? तरी द्या. सुजेवरची दुसरी गोळी शुगरच्या पेशंटला किडनीचा रिपोर्ट बघूनच देतात, ती घरच्या डब्यातून काढून देऊ नका. बोटांत आधी मुंग्या येऊ लागतात, थोडी हालचाल परत येते, तीच खूण समजा की आता तासा-दोन तासांत दुखणं येणार. त्या वेळी जास्तीची गोळी लिहून दिली असेल तर ती घ्यायची. काखेत किंवा दुर्बिणीसाठी केलेल्या खांद्याच्या मागच्या छिद्राशी आधीपासूनच थोडं दुखत असेल तर ब्लॉक फसला असं समजू नका. तिथली कातडी छातीकडून येणाऱ्या वेगळ्या मज्जातंतूची आहे, मानेतल्या ब्लॉकमध्ये ती येत नाही.

झोपायला सपाट पलंग नको. पाठ अर्धी उभी राहील अशी उशांची रास करा किंवा मागे कलणारी खुर्ची आणा, श्वासालाही तेच बरं. बधिर हात झोळीतच ठेवा, कोपराखाली मऊ टॉवेल, कारण दाबला गेला तरी त्यांना कळणार नाही. गरम पिशवी त्या हाताला अजिबात लावू नका. बर्फही कापडात गुंडाळूनच, थोडा वेळ, आणि मध्ये कातडी बघत राहा.

त्या बाजूची पापणी किंचित खाली आली, बाहुली लहान दिसली, आवाज घोगरा झाला तर घाबरू नका, औषध शेजारच्या मज्जातंतूंपर्यंत पसरलेलं असतं आणि ब्लॉकबरोबरच उतरतं. पण झोपताना दम लागला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, छातीत दुखलं, तर थांबायचं नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. आणि ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी सकाळीही हात बधिर किंवा लुळाच असेल तर भूलतज्ज्ञांना फोन करा. शुगरच्या पेशंटचे मज्जातंतू हळू जागे होतात, बहुतेकदा काही दिवसांत-आठवड्यांत सगळं परत येतं आणि कायमची इजा दहा हजारांत मोजक्याच जणांना होते, तरी तपासायला हवं. बाबांच्या हातापायाला आत्ताच मुंग्या येत असतील तर त्या ऑपरेशनच्या आधी कागदावर लिहून घ्यायला सांगा, म्हणजे नंतर नवं काय आणि जुनं काय ते कळेल.